ज्याची वर्दी, त्याचा हुकूम

माझ्या माहेरी आम्ही पोरं अमावास्येची वाट बघायचो, हे मी नवी नवरी होऊन सांगलीला आले तेव्हा सहज बोलून गेले आणि सासूबाईंच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं. कुठल्या घरची सून करून आणली आपण, करणी-बिरणी करणारी माणसं तर नव्हेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. मी घाईघाईनं सांगितलं, "तसलं काही नाही हो, अमावास्येला आमच्याकडं डबा फोडायचे." त्यानं त्या अधिकच घाबरल्या. तो डबा कसला, तो फोडायचा कशाला आणि त्यात एवढं आनंद होण्यासारखं काय होतं, हे त्यांना पटवता पटवता माझी नव्याची नवलाई संपून गेली. पुढं मात्र त्यांनीच एक दिवस माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि माझ्यापुढं घासायला ठेवला.

आमचा मळा कुंडलच्या बाहेर, रस्त्यापासून आत. मागं ऊस, पुढं हळद, मध्ये कौलारू घर, अंगणात गोठा आणि गोठ्याशेजारी आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, फटफटी. ही फटफटी आमच्याकडं कायम रस्त्याकडं तोंड करून उभी असायची. कितीही दमून आलेले असोत, आबा ती आधी वळवून लावायचे, मग चपला काढायचे. आबा फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलेले, त्यामुळं शेजारपाजारचे लोक हे सगळं फौजेचं खूळ समजायचे. येता-जाता कोणी ना कोणी बांधावरून हाक मारायचाच, "काय हवालदारसाहेब, लढाई लागली का काय?" आबा नुसते मिशीत हसायचे. कारण खरी गोष्ट अशी होती की हे खूळ त्यांचं नव्हतंच, ते आईचं होतं.

अमावास्येला आमच्या भागात बैलांना जू लावत नाहीत. शेताची कामं बंद, माणसं घरी. आईनं नेमका हा दिवस धरलेला. सकाळी चूल पेटायचीच नाही. आई फडताळावरचा 'अडचणीचा डबा' खाली घ्यायची आणि महिनाभर ज्याला कुणी बोट लावलेलं नाही तो खजिना आमच्यासमोर उघडायची. कडक भाकरी, शेंगदाण्याची लालभडक चटणी, लाह्यांचं पीठ, गूळ, भाजलेल्या शेंगा आणि सगळ्यात वर, कागदात बांधलेलं भडंग. भाकरी मोडताना कडाकड आवाज व्हायचा, तो आवाज माझ्या कानात अजून आहे. आम्ही ते सगळं फस्त करायचो आणि दुपारपर्यंत आई ताजं भाजून, कुटून, वाळवून डबा पुन्हा भरून ठेवायची. अडीअडचणीला ठेवलेलं अन्न अडचण येईपर्यंत तसंच ठेवलं तर ऐन वेळी त्यात पोरकिडे निघतात, म्हणून ते दर महिन्याला खाऊन टाकायचं, इतका साधा हिशेब. आता माझ्या मोबाइलवर लोक 'आपत्कालीन बॅगे'ची चित्रं पाठवतात. चित्रं छान असतात. पण त्या बॅगेतली बिस्किटं शेवटची कधी खाल्ली असं विचारलं की पाठवणारा विषय बदलतो.

डब्याशेजारी आणखी एक बोचकं असायचं. जुनं धोतर फाडून केलेले तुकडे, उकळलेले, कडक उन्हात वाळवलेले, निखाऱ्याच्या इस्त्रीनं दाबलेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेले. बॅटरी वेगळी, तिचे सेल वेगळे. ही सगळी शिस्त आईनं कुठून आणली? आबांची बदली जिथं कुटुंब नेता येईल अशा ठिकाणी झाली होती तेव्हा ती काही काळ फौजेच्या क्वार्टरमध्ये राहिली होती. तिथं जवानांच्या बायकांना दुपारचं बसवून प्रथमोपचार शिकवायचे. बाकीच्या बायका म्हणे विणकाम घेऊन यायच्या. आईला विणकाम यायचं नाही, म्हणून तिनं लक्ष देऊन ऐकलं, असं ती स्वतःच सांगायची.

पण आमच्या घरातला खरा कायदा ती तिथून शिकून आली नव्हती. तो तिनं स्वतः केला. मी अगदी लहान असताना आमच्या गोठ्याच्या छपराला ठिणगी लागली होती. धूर पहिल्यांदा दिसला तो आईला. पण आजोबा पूजेला बसलेले, आणि त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडं विहिरीचा दोरही कुणी हलवायचं नाही. सगळं घर हात जोडून देवघराच्या दारात उभं राहिलं, आजोबांनी सावकाश आरती संपवली, बाहेर येऊन विचारलं, "काय झालं?" तोवर छप्पर आणि वर्षाचा कडबा गेला होता. गुरं सोडली होती तेवढी वाचली, आणि तीही आईनं न विचारता सोडली म्हणून तिला वर बोलणी बसली. आजोबा गेल्यावर आबा घराचे कर्ते झाले, त्या दिवशी आईनं त्यांना सांगितलं, "आवं, तुमी कर्तं हायसा ते रोजच्या कामाला. पर संकट काय तुमास्नी इचारून येणार न्हाई. ज्याला आदी दिसंल त्यानं वर्दी द्यायची, आन् त्यो सांगंल ते समद्यांनी ऐकायचं. मग ते पोर का असंना." आबा जन्मभर हुकूम ऐकण्यात आणि देण्यात मुरलेले. त्यांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ज्याची वर्दी, त्याचा हुकूम. मंजूर."

त्यानंतर दर अमावास्येला डबा फोडून झाला की कवायत. आई अचानक पितळी ताट जमिनीवर टाकायची, खणखण आवाज व्हायचा आणि ती कुणाकडं तरी बोट दाखवायची. त्यानं 'वर्दी' म्हणून ओरडायचं आणि काय झालंय ते सांगायचं. साप चावला, शॉक बसला, कुणी विहिरीत पडलं, कपडे पेटले. मी दुसरी-तिसरीत असेन, मी आबांना "जमिनीवर पडा, लोळा" असं फर्मावलं होतं आणि आमचे सहा फुटी आबा अंगणात घोंगडं लपेटून गडागडा लोळले होते. शेजारच्या मळ्यातले बाळूअण्णा कुंपणापलीकडून ते बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी त्यांच्यावरही वर्दी दिली. आमची ही कवायत गावात थट्टेचा विषय होती हे मला ठाऊक होतं, पण मला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट शाळेत मी छाती काढून सांगायचे की आमच्या घरात मी वडलांना हुकूम देते. कुणाचा विश्वास बसायचा नाही, हा भाग वेगळा.

आता त्या दिवसाकडं येते. हळद काढून झाली होती आणि मळ्यात शिजवण चालू होती. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या चुलवणावर लोखंडी काहील, तिच्यात उकळतं पाणी, आणि भोकं पाडलेल्या पिंपांत ओली हळद भरून ती पिंपं त्या पाण्यात सोडायची. शिजली की दोघांनी बांबूला अडकवून पिंप वर उचलायचं आणि खळ्यावर ओतायचं. सगळा मळा त्या उग्र, गोडसर मातकट वासानं भरून जायचा, आणि माणसं, बैल, कुत्री, सगळ्यांच्याच अंगावर पिवळी झाक यायची. चुलवणापासून थोडं लांब, आंब्याच्या सावलीला, आईनं विहिरीच्या पाण्यानं भरलेलं एक पिंप ठेवलेलं असायचं. त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, वर झाकण. त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही, कुणी हात धुवायचे नाहीत. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला हातभार लावायला, आलेली माणसं त्या पिंपाला 'वहिनींचा गणपती' म्हणायची, कारण त्याची नुसती पूजा व्हायची, उपयोग काही नाही.

त्या वर्षी औंधहून आत्ती आली होती. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. बाई प्रेमळ, पण आवाज असा की वळू बिचकावा. आबा तिच्यापुढं अजून शाळकरी पोरासारखे उभे राहायचे. ती आली होती दादासाठी. माझा थोरला भाऊ भरतीची तयारी करत होता. भल्या पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं धावायचा, झाडाच्या फांदीला लोंबकळून दंड फुगवायचा, आणि घरातलं सगळं दूध एकटा प्यायचा. भरती तोंडावर आलेली. आमच्या घरात आबांनंतर फौजेत कोण, याचं उत्तर तो होता, आणि त्यालाही दुसरं काही नको होतं. आत्तीनं यमाईच्या पायाशी ठेवून आणलेला लाल गंडा त्याच्या उजव्या मनगटाला बांधला, गाठीवर गाठ मारली आणि बजावलं, "भरती हुईस्तवर ह्यो निघता कामा न्हाई."

दुपारची जेवणं व्हायची होती. दादा आणि बाळूअण्णा पिंप उचलत होते आणि मी आंब्याखाली हळदीची मुळं खुडत बसले होते. पिंप वर आलं, आकडा बांबूवरून सरकला, आणि ते परत काहिलीत आदळलं. पिवळं उकळतं पाणी उसळून दादाच्या उजव्या हातावर आलं, कोपरापासून बोटांपर्यंत. दादा ओरडलासुद्धा नाही. हात पुढं धरून तो नुसता त्याच्याकडं बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मी आठवीत होते. काय करावं हा विचार माझ्या मनात आलाच नाही, कारण तो विचार करण्याची वेळ आमच्या घरात अमावास्येला येऊन गेलेली असायची.

"वर्दी! दादाचा हात भाजलाय! पिंपाकडं आणा त्याला!"

आबा सवयीनं विहिरीची मोटर चालू करायला धावले. लाइट गेलेली होती. बाळूअण्णांनी दादाला खांद्याला धरून आंब्याखाली आणलं, मी वहिनींच्या त्या गणपतीचं झाकण फेकलं आणि तांब्यानं त्याच्या हातावर पाणी सोडायला सुरुवात केली. सावकाश, एकसारखं, कोपरावरून खाली. भाजल्यावर पाणी किती वेळ सोडायचं, याचं आईचं माप ठरलेलं होतं. चुलीवर भात टाकल्यापासून तो चांगला मुरेपर्यंत. एवढा वेळ थांबणं किती अवघड असतं हे ज्याच्यावर प्रसंग येतो त्यालाच कळतं. दोन तांबे ओतले की वाटतं, झालं, आता काहीतरी करूया.

तेवढ्यात घरातून आत्ती आली. धावतच. एका हातात लोण्याची वाटी, दुसऱ्यात मूठभर हळदपूड.

"बाजूला हो गं सुमे. आदी हळद लावू दे."

"आत्ती, थांबा. हळद लावायची न्हाई."

"काय म्हनलीस?" तिचा विश्वासच बसेना. "हळदीच्या रानात जल्मलीस आन् हळद लावायची न्हाई म्हंतीस? आमची हाडं गेली ह्यात. सर!"

आणि हे तिचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं. आमच्या भागात कापलं तर हळद, ठेचलं तर हळद, पोर जन्मलं तरी हळद आणि लग्न ठरलं तरी हळद. आम्ही हळदीवर जगणारी माणसं, आमचा तिच्यावर विश्वास असणारच. पण भाजलेल्या ओल्या कातड्यावर पूड आणि लोणी थापलं की आग आत कोंडते, घाण चिकटते आणि डॉक्टरला ते सगळं खरवडून काढावं लागतं, हे आईनं आम्हाला पाठ करून घेतलं होतं. आमच्याच शिवारात एकाची बोटं त्यापायी आखडून बसलेली मी रोज बघत होते. फौजेला मूठ न वळणारा हात नको असतो. दादाच्या डोळ्यांत तीच भीती होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "सुमे, बोटं वळतील का गं?"

मी हो म्हणून मान हलवली आणि पाणी सोडत राहिले. मला काय माहीत होतं?

आई भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती. तिनं बुट्टी खाली ठेवली आणि पळत आली. तिला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळत होतं. पोटच्या पोराचा हात होता. तिनं मला बाजूला करून तांब्या हिसकावून घेतला असता तर कुणी नवल केलं नसतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "वर्दी तुझी न्हवं? सांग, म्या काय करू?"

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की माझी मान ताठ होते. आयुष्यात मला पुढं मान मिळाला, शाळेत मुख्याध्यापिका झाले, हारतुरे झाले. तेवढा मोठा मान मला कुणी दिला नाही.

"बोचकं आण," मी म्हणाले, "आन् घोंगडं. ह्यो कुडकुडायला लागलाय." ती वळलीसुद्धा. मग माझं लक्ष मनगटाकडं गेलं. हात सुजायला लागला होता आणि आत्तीचा तो लाल गंडा कातडीत रुतत चालला होता. अंगठी, कडं, दोरा, जे काही असेल ते सूज चढण्याआधी काढायचं, हेही पाठ होतं. मी म्हणाले, "गंडा कापायला पायजे."

कुणी हललं नाही. बाळूअण्णा, जे इतका वेळ माझ्या शब्दासरशी धावत होते, ते एक पाऊल मागं सरकले. देवीचा गंडा कात्रीनं कापायचा, तोही भरतीच्या तोंडावर. आबांनी खिशातून छोटी कात्री काढली, मिशा कातरायची, आणि मला वाटलं ते मला देतील. त्यांनी ती आत्तीपुढं धरली.

"आक्का, तू बांधलायस, तूच सोड."

"अरं, देवीचा हाय त्यो! तुजं डोस्कं फिरलंय का? पोरीच्या नादाला लागून..."

"वर्दी तिची हाय, आक्का. हितं माजंबी काय चालत न्हाई."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मला तिची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण तांब्या थांबला नाही. मी म्हणाले, "आत्ती, देवीला पोरगं पायजे का दोरा?"

लोण्याची वाटी तिनं जमिनीवर ठेवली. मुठीतली हळद झाडली, पदराला हात पुसले, कात्री कपाळाला लावली. "आई यमाई, पोरगी म्हंतीया म्हणून गं," असं पुटपुटत तिनं तो गंडा इतक्या हलक्या हातानं कापला की दादानं हूं की चूं केलं नाही. मग ती त्याच्या पाठीशी बसली आणि घोंगडं धरून राहिली, माझा भात मुरेपर्यंत.

धुतलेलं धोतर हातावर सैल गुंडाळलं. आबांनी फटफटीला किक मारली. तोंड रस्त्याकडंच होतं. दादा मध्ये, मागं मी, त्याचा हात वर धरून. ज्यानं वर्दी दिली त्यानं दवाखान्यापर्यंत जायचं, कारण काय झालं ते त्यालाच नीट सांगता येतं. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कापड उलगडलं आणि पिवळी कातडी, पिवळी नखं बघून ते भडकलेच. "पुन्हा हळद! तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं?" आबा, लढाईवर जाऊन आलेले आबा, टाचा जुळवून सावधान उभे राहिले. मी म्हणाले, "लावली न्हाई डॉक्टर. हळदीतच भाजलाय." त्यांनी हात दिव्याखाली धरला, नीट वास घेतला, पुन्हा बघितलं. मग त्यांनी नर्सला हाक मारली, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावलं आणि हळदीच्या भागातून आलेला पहिला स्वच्छ हात म्हणून दादाचा हात सगळ्यांना दाखवला. आबांची छाती तिथंच फुगली, ती घरी येईपर्यंत खाली आली नाही.

पण हात स्वच्छ असणं वेगळं आणि मूठ वळणं वेगळं. पुढचे दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नवी कातडी गुलाबी, ताणलेली, बोटं काठीसारखी. डॉक्टरांनी जखम भरल्यावर बोटं हलवत राहायला सांगितलं, तर आईनं सरळ परात दादापुढं सरकवली. रोज दोन वेळचं पीठ त्यानं मळायचं. पीठ मळताना तो घामाघूम व्हायचा, दात खायचा. पुढं पुढं तो भाकरीही थापायला लागला. त्या भाकरीला तीन कोपरे असायचे आणि मी प्रत्येक भाकरीला वेगळ्या तालुक्याचं नाव द्यायचे. तो पीठ फेकून मारायचा, उजव्याच हातानं. आई तिकडं बघायची आणि परातीत आणखी पीठ टाकायची.

भरतीत तो धावला, उड्या मारल्या, सगळं पार पडलं. राहिली ती वैद्यकीय तपासणी. त्या दिवशी आई सकाळपासून हळकुंडं निवडत बसली होती आणि चांगली हळकुंडं टाकाऊ ढिगात टाकत होती. दादा संध्याकाळी आला तेव्हा त्यानंच सांगितलं. डॉक्टरनं डाग बघून हात पुढं करायला लावला, स्वतःची दोन बोटं त्याच्या मुठीत दिली आणि म्हणाला, दाब. "दाबली," दादा म्हणाला. "मग त्योच म्हनला, सोड बाबा, सोड."

तो पलटणीत रुजू व्हायला निघाला तेव्हा आम्ही सगळे त्याला सोडायला सांगलीच्या स्टँडवर गेलो. आत्तीही औंधहून आली होती. त्या प्रसंगानंतर ती फार न बोलता निघून गेली होती आणि माझ्यावर तिचा राग असणार असं मी धरून चालले होते. एसटी लागली. दादानं ट्रंक उचलून टपावर चढवली, मुद्दाम उजव्या हातानं, आमच्याकडं बघत. आई रडत होती. आबा उगाच कंडक्टरशी गाडीच्या वेळेबद्दल बोलत होते. आणि तेवढ्यात माझ्या मागून तो आवाज आला, ज्यानं वळू बिचकावा. आत्ती बाकावरच्या कुणा अनोळखी बाईला सांगत होती, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं.

"त्यो ट्रंक चढवतोय न्हवं, त्यो माजा भाचा. मिल्ट्रीत चाललाय. हात भाजला हुता त्याचा, उकळत्या काहिलीत. म्या हळद घिऊन गेल्ते, तर आमच्या ह्या पोरीनं मला, मला मागं सारलं! ह्या एवढ्याश्या पोरीनं!" आणि तिनं माझा दंड धरून मला त्या बाईपुढं उभं केलं. "बघा. हीच ती."